पोषण गणित, विज्ञान, भाषा, इतिहासात कसं गुंफावं? (वर्गात अनेक समाजांची मुलं)

तासिका_सात

वयोगट ११ ते १३. वर्गात पस्तीसेक मुलं, घरच्या भाषा सात-आठ, धर्म चार-पाच आणि खाण्याचे नियम त्याहून जास्त. पोषणाला स्वतंत्र तासिका नाही आणि मिळणारही नाही, त्यामुळे आहे त्या विषयांतूनच शिकवायचं ठरलंय. हाताशी सहा आठवडे आहेत. अडचणी अशा:

भिंतीवरच्या तक्त्यातलं ताट वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरचं नाही. विषयशिक्षकांना वाटतं की हे काम विज्ञानाचं. गणितात 'पाच सफरचंदं आणि तीन केळी' घातली की झालं पोषण. 'काल काय खाल्लं ते लिहा' हा नेहमीचा गृहपाठ द्यावा की नाही, यावर एकमत नाही. आणि शेवटी कुणीतरी सुचवतंच, की सगळ्यांनी घरून एकेक पदार्थ आणायचा, खाद्यदिवस करायचा.

तत्त्वं पुष्कळ वाचून झाली. मला नेमक्या कृती हव्यात: काय करायचं, किती घ्यायचं, कुठे फसतं.

---

आकडेमोड

गणितापासून सुरू करा. नंतरच्या सगळ्या विषयांना गुणोत्तर आणि टक्केवारी लागणार आहे. ती झाली नसेल तर विज्ञानात थेंब मोजून करायचे प्रयोग आणि भाषेत जाहिरातीतले दावे वाचायचा पाठ, दोन्ही लंगडे पडतात.

साहित्य एकच, पाकिटांवरची पोषणमाहिती. पाकिटं घरून मागवू नका. कुणी दहा आणतं, कुणाकडे एकही नसतं आणि ते वर्गाला लगेच दिसतं. शिक्षकानेच १२ लेबलांच्या प्रती काढाव्यात, ब्रँडची नावं झाकून.

पहिला तास ऊर्जेच्या ताळ्याचा. कर्बोदकं आणि प्रथिनं दर ग्रॅमला ४ किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ ९. समजा १०० ग्रॅम बिस्किटांत कर्बोदकं ७०, प्रथिनं ७, स्निग्ध पदार्थ १६ ग्रॅम आहेत. २८० + २८ + १४४ = ४५२. लेबलवर ४५० असेल तर ताळा जमला. तंतुमय पदार्थांची ऊर्जा सगळीकडे सारखी धरत नाहीत, त्यामुळे थोडा फरक पडतो, तो चालतो.

इथली ठरलेली चूक म्हणजे 'त्यापैकी साखर २२ ग्रॅम' ही ओळ. मुलं तिचे ८८ वेगळे मिळवतात आणि उत्तर ५४० येतं. साखर त्या ७० ग्रॅममध्ये आधीच मोजलेली आहे. ही चूक होऊ द्या, मग फळ्यावर एका वर्तुळात दुसरं वर्तुळ काढा. उपसंच शिकवायला यापेक्षा बरं उदाहरण मला माहीत नाही.

दुसरा तास: वजनाची टक्केवारी आणि ऊर्जेची टक्केवारी. त्याच बिस्किटात स्निग्ध पदार्थ वजनाने १६ टक्के, पण ऊर्जेत १४४ भागिले ४५२, म्हणजे सुमारे ३२ टक्के. दुधात हे आणखी ठळक दिसतं. १०० मिलिलिटरमध्ये ३.५ ग्रॅम स्निग्धांश आणि सुमारे ६५ किलोकॅलरी असतील, तर जवळपास निम्मी ऊर्जा स्निग्धांशातून येते. पाणी वजन वाढवतं, ऊर्जा नाही. हे एकदा कळलं की 'इतके टक्के फॅट-फ्री' हा दावा मुलं स्वतःच सोलून काढतात.

तिसरा तास: सोडियम गुणिले २.५ म्हणजे मीठ. लेबलवर ४०० मिलिग्रॅम सोडियम असेल तर १ ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची प्रौढांसाठीची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ अशी आहे. लेबलवरचा 'दैनंदिन गरजेच्या इतके टक्के' हा आकडा बहुधा २००० किलोकॅलरी घेणाऱ्या प्रौढाला धरून काढलेला असतो. तो अकरा वर्षांच्या मुलाला जसाच्या तसा लावू देऊ नका.

तुलना नेहमी १०० ग्रॅमला. 'एका वेळचं प्रमाण' कंपनी ठरवते, ते २५ ग्रॅमही असतं आणि ४० ग्रॅमही. याला अपवाद मसाले, लोणची, सॉस अशा चिमूटभर खायच्या वस्तूंचा. तिथे १०० ग्रॅमची तुलना उगाच घाबरवते.

आणि एक सक्त मनाई. मुलांची वजनं, उंची-वजनाचा निर्देशांक किंवा स्वतःच्या खाण्याच्या कॅलरी हे गणिताचं साहित्य करायचं नाही. आलेख काढायला तापमान आहे, पाऊस आहे. या वयात वजनाचा स्तंभालेख वर्गात टांगला की चिडवणं सुरू होतं आणि काही मुलं जेवण टाळू लागतात.

---

विज्ञानकट्टा

आकडेमोड यांना अनुमोदन. आता प्रयोग.

पिष्ट, प्रथिनं, स्निग्धांश यांच्या चाचण्या पाठ्यपुस्तकात असतात, त्यामुळे फक्त कुठे बिघडतं तेवढं सांगतो. आयोडीनची निळी-काळी छटा गरम नमुन्यात दिसत नाही, थंड झाल्यावर येते. शिजवलेला नमुना आधी निववा. प्रथिनांच्या चाचणीत मोरचूद जास्त पडलं की त्याच्याच निळ्या रंगात जांभळा बुडतो. १ टक्का द्रावणाचे दोन-तीन थेंब पुरे, आणि त्यातलं सोडियम हायड्रॉक्साईड शिक्षकानेच हाताळावं. कागदावरचा तेलाचा डाग पाहण्याआधी कागद पूर्ण वाळू द्या, कारण पाण्याचा डागही अर्धपारदर्शक दिसतो. ग्लुकोजसारख्या शर्करा ओळखणाऱ्या बेनेडिक्ट चाचणीला चहात घालतो ती साखर (सुक्रोज) प्रतिसाद देत नाही. 'साखरेत साखर नाही' असा निष्कर्ष वहीत उतरण्याआधी हे सांगा.

मला वेळ घालवावासा वाटतो तो 'क' जीवनसत्त्वाच्या प्रयोगावर. त्यात रसायन, गुणोत्तर आणि स्वयंपाक तिन्ही येतात, आणि कुठल्याही समाजाच्या फळ-भाजीला तो सारखाच लागू पडतो.

१ ग्रॅम मक्याचं पीठ (कॉर्नस्टार्च) १०० मिलिलिटर पाण्यात उकळून थंड करा. हा दर्शक ('क' जीवनसत्त्व आहे तोवर आयोडीन त्यात खर्ची पडतं, ते संपलं की दर्शक निळा होतो). २ टक्के आयोडीन द्रावणाच्या एका भागात दोन भाग पाणी घाला. 'क' जीवनसत्त्वाची १०० मिलिग्रॅमची साधी गोळी १०० मिलिलिटर पाण्यात विरघळवा. हे प्रमाण द्रावण. त्याच्या १ मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम. आता ५ मिलिलिटर प्रमाण द्रावण, १० थेंब दर्शक, आणि ढवळत ढवळत आयोडीनचे थेंब मोजा. निळा रंग १५ सेकंद टिकला की थांबा. साधारण २० थेंब लागतात. ड्रॉपर जाड-बारीक असेल तसा फरक पडतो. म्हणून सगळ्या नमुन्यांना एकच ड्रॉपर, उभाच धरलेला.

मग ५ मिलिलिटर गाळलेला रस. प्रमाण द्रावणाला २० थेंब आणि रसाला ८ लागले, तर ८/२० × ५ = २ मिलिग्रॅम, म्हणजे १०० मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम. तोच रस १० मिनिटं उकळा, आटलेलं पाणी घालून पूर्वीच्या आकारमानावर आणा आणि पुन्हा मोजा. हे पाणी घालायचं राहून जातं. मग रस आटून घट्ट झालेला असतो आणि 'उकळल्यावर जीवनसत्त्व वाढलं' असं उत्तर येतं.

आणखी दोन खड्डे. बाटलीबंद रसात 'क' जीवनसत्त्व वरून घातलेलं असू शकतं, आणि सल्फाइट हे परिरक्षकही आयोडीन खातं. दोन्हींमुळे आकडा फुगतो. त्यामुळे ताजाच रस घ्या. गडद लाल-जांभळ्या रसात शेवटचा निळा दिसत नाही, तो सारख्याच प्रमाणात पातळ करून हिशेबात तितक्या पटीने गुणा.

अन्न जाळून ऊर्जा मोजायचा प्रयोग करणार असाल तर शेंगदाणा आणि कुठलाही सुकामेवा टाळा, ॲलर्जीसाठी. वाळवलेल्या पावाचा १ ग्रॅमचा तुकडा चालतो. परीक्षानळीतल्या २० मिलिलिटर पाण्याचं तापमान ३० अंशांनी चढलं तर २० × ४.२ × ३० = २५२० ज्यूल, म्हणजे अडीच किलोज्यूल. खरा आकडा १५ च्या आसपास असतो. बाकीची उष्णता गेली कुठे, हाच खरा पाठ. 'प्रयोग चुकला' म्हणून पान फाडू देऊ नका.

प्रयोगशाळेत चाखणं नाही, आणि नमुन्यांत मांस, जिलेटिन (प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून काढलेलं प्रथिन) नको. प्रथिनांसाठी कडधान्याचं पीठ भिजवलेलं पाणी घ्या, रंग छान येतो.

---

चारदिशा

इतिहास-भूगोलात लोक बहुतेक वेळा 'विविध देशांचे पदार्थ' असं भिंतपत्रक करतात. त्यात पोषणही नसतं आणि इतिहासही. त्यापेक्षा एकच धान्य पकडा. माझी निवड मका.

मेसोअमेरिकेतले (आजचा मेक्सिको आणि मध्य अमेरिका) लोक मका चुन्याच्या किंवा राखेच्या पाण्यात शिजवून, भिजवून, धुऊन मग दळत. याला निक्स्टमलायझेशन म्हणतात. मक्यातलं नायसिन (ब३ जीवनसत्त्व) बांधलेल्या रूपात असतं, ते या क्रियेने सुटं होऊन अंगी लागतं. शिवाय चुन्याचं कॅल्शियम मिळतं. १४९२ नंतर मका समुद्रापार गेला. ही कृती त्याच्यासोबत गेली नाही. जिथे गरीब लोक जवळजवळ मक्यावरच जगू लागले तिथे पेलाग्रा पसरला: त्वचेवर चट्टे, जुलाब, मानसिक बिघाड आणि मृत्यू. गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये स्पेनमध्ये त्याची नोंद केली, पुढे उत्तर इटलीत तो फोफावला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत. तिथे बहुतेकांना तो संसर्ग वाटत होता. अमेरिकी सरकारी डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गर १९१४ पासून त्याच्या मागे लागले. अनाथालयांत आणि मनोरुग्णालयांत रोग्यांना पेलाग्रा होतो पण त्यांच्यात वावरणाऱ्या कर्मचाऱ्यांना होत नाही, हे त्यांनी हेरलं. नेमका घटक, म्हणजे नायसिन, १९३७ मध्ये हाती लागला.

वर्गात हे गोष्ट म्हणून सांगू नका. आठ पुरावापत्रं करा (कोणाला झाला, कोणाला नाही, कोण काय खात होतं, कुठल्या ऋतूत, मेसोअमेरिकेत का नाही…) आणि चार-चारच्या गटांना द्या. पहिल्या १५ मिनिटांत 'संसर्ग की आहार' यावर मत लेखी घ्या. मग कर्मचाऱ्यांचं पत्र द्या आणि मत पुन्हा विचारा. चुन्याच्या पाण्याचं पत्र सगळ्यात शेवटी. ते आधी दिलं तर कोडं तिथेच संपतं.

हे उदाहरण निवडायचं आणखी एक कारण आहे. पोषणाच्या इतिहासात नेहमी जहाजावरचे वैद्य लिंड यांचे १७४७ मधले स्कर्व्ही झालेले बारा खलाशी आणि डच वैद्य एकमन यांच्या जावातल्या, बेरीबेरीसारखा रोग झालेल्या कोंबड्या येतात. दोन्ही उत्तम प्रयोग आहेत, पण तेवढेच शिकवले तर ज्ञान एकाच बाजूने आलं असं चित्र उभं राहतं. मक्यात ज्ञान आधी स्वयंपाकघरात होतं, प्रयोगशाळा शेकडो वर्षांनी तिथे पोचली. वेगवेगळ्या समाजांतली मुलं एकत्र बसलेल्या वर्गाला हे आदराच्या चार भाषणांपेक्षा जास्त सांगून जातं.

भूगोलात धान्य-कडधान्याच्या जोड्यांचा नकाशा करा: मका आणि घेवडा, तांदूळ आणि सोयाबीन, गहू आणि हरभरा-मसूर, तांदूळ आणि डाळी, ज्वारी-बाजरी आणि चवळी. प्रथिनं अमिनो आम्लांची बनतात: तृणधान्यांत त्यांतलं लायसिन कमी, कडधान्यांत मेथिओनिन कमी. एकाची उणीव दुसरं भरून काढतं. लांब-लांबच्या समाजांनी एकमेकांना न विचारता तीच जोडी कशी जमवली, हा प्रश्न हवामान, पाऊस आणि जमिनीकडे नेतो. दोन्ही एकाच घासात हवीत अशी एक जुनी समजूत आहे, ती मात्र शिकवू नका. दिवसभरात मिळून आली तरी पुरतात.

प्रदेश चिठ्ठ्या टाकून वाटा. 'तुमच्याकडे काय खातात, तू सांग' असं एखाद्या मुलाला उभं करून विचारू नका. ते मूल इथेच जन्मलेलं असतं आणि त्याला पास्ता आवडत असतो.

---

तासिका_सात

मक्याचं फार आवडलं, घेतेच. पण तक्त्याचं काय? 'दूध व दुधाचे पदार्थ' असा अख्खा गट आहे आणि तीन-चार घरांत दूध पीतच नाहीत. गट काढून टाकला तर कॅल्शियम कुठून दाखवायचं?

---

सकस_ताट

गट काढू नका, गटाचं नाव बदला. तक्ता पदार्थांवरून नको, कामावरून करा. रांगा अशा: मुख्य ऊर्जा देणारं (धान्य आणि कंद), प्रथिनं, कॅल्शियम, फळं-भाज्या, तेल-तूप. प्रत्येक रांगेत किमान पाच पर्याय, आणि ते अशा बेताने निवडा की मांस, अंडी, दूध, गहू यांतलं काहीही वगळलं तरी रांग रिकामी पडू नये. ही अट लिहून ठेवा आणि तक्ता झाल्यावर वर्गालाच तपासायला द्या: 'आता दूध खोडा. कॅल्शियमच्या रांगेत काय उरलं?' हा १० मिनिटांचा खेळ तक्त्यापेक्षा जास्त शिकवतो.

मोठेपणी दुधातली साखर पचवायची क्षमता टिकणं हा जगात अल्पमताचा प्रकार आहे. सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत ती कमी झालेली असते. म्हणजे दूध न पिणारं घर अपवाद नाही. दूध पचणं आणि न पचणं यांच्या मध्ये दही आणि मुरलेलं चीज येतात, त्यांत ती साखर कमी असते.

कॅल्शियमच्या रांगेत दही, काट्यांसकट खायचे लहान मासे, कॅल्शियमच्या क्षाराने घट्ट केलेलं टोफू (सोयाबीनचं पनीर), न सोललेले तीळ, कोबीच्या कुळातल्या हिरव्या पालेभाज्या, कॅल्शियम घातलेलं सोया दूध. टोफूच्या पाकिटावर कॅल्शियमचा क्षार आहे का पाहा, सगळ्यात नसतो. तीळ सोलले की बहुतेक कॅल्शियम सालीबरोबर जातं. पालक या रांगेत लिहू नका. त्यात कॅल्शियम आहे, पण पालकातल्याच ऑक्झलेट या द्रव्याने ते धरून ठेवलेलं असतं: दुधातलं साधारण ३० टक्के शोषलं जातं, पालकातलं ५ टक्के. 'किती आहे' आणि 'किती अंगी लागतं' हा फरक शिकवायची ती चांगली जागा आहे. लोहाचंही तसंच. वनस्पतींतलं लोह 'क' जीवनसत्त्वासोबत जास्त शोषलं जातं, जेवणाबरोबर चहा घेतला तर कमी.

एक गोष्ट स्पष्टच लिहितो, कारण बहुसांस्कृतिकतेच्या नावाखाली ती गाळली जाते. 'ब१२' जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. प्राणिज काहीच न खाणाऱ्याला ते वरून घातलेल्या अन्नातून किंवा गोळीतून घ्यावं लागतं. कुणाच्या आहाराला कमी लेखलं जाईल या भीतीने हे लपवणं म्हणजे त्याच मुलाचं नुकसान. सांगताना एका रांगेत सांगा: हा आहार घेणाऱ्याने ब१२ पाहावं, तो आहार घेणाऱ्याने तंतुमय पदार्थ पाहावेत, दूध न घेणाऱ्याने कॅल्शियम. प्रत्येक आहाराला एक 'इकडे लक्ष' मिळालं की कुणी एकटं पडत नाही.

'काल काय खाल्लं' हा गृहपाठ नको. उपाशी झोपलेलं मूल खोटं लिहितं आणि बाकीची सजवून लिहितात, म्हणजे विदा (डेटा) म्हणूनही तो निकामी. चार काल्पनिक मुलांच्या २४ तासांच्या नोंदी तयार करा: एक शाकाहारी, एक दूध न घेणारं, एक सूर्यास्तानंतर उपवास सोडणारं, एक घाईत पाकिटातलं खाणारं. प्रत्येक नोंदीत एक गोष्ट चांगली जमलेली आणि एक उणीव हवीच. सगळी उणीव त्या पाकिटवाल्याच्या माथी मारू नका. गणित, विज्ञान, भाषा सगळ्यांनी याच चार नोंदी वापरायच्या. विषय जोडले जातात ते अशाने, 'समन्वय' शब्दाने नाही.

---

शब्दखूण

भाषेच्या तासाला ताट लागत नाही, शब्द लागतात. सुरुवात संज्ञांच्या भांडणाने करा. टोमॅटो वनस्पतिशास्त्रात फळ, स्वयंपाकात भाजी. आयात कर भाज्यांना होता, फळांना नव्हता, म्हणून वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्याने १८९३ मध्ये रोजच्या बोलण्यातला अर्थ धरून टोमॅटो भाजी ठरवला. बटाटा एका भाषेत भाजी, दुसऱ्या भाषेत भाकरीच्या जागी बसणारं मुख्य अन्न. मुलांनी घरच्या भाषांतले शब्द आणावेत, पण 'भाजीला काय म्हणतात' असं विचारू नका. 'या शब्दात काय काय बसतं आणि काय बसत नाही' असं विचारा. वीस शब्द पुरे. तक्त्याच्या रांगा कामावरून का केल्या, हेही मग आपोआप कळतं.

दुसरं, दाव्यांचं वाचन. 'साखर घातलेली नाही' म्हणजे साखर नाही असं नव्हे. फळाच्या रसात स्वतःची असतेच. 'बहुधान्य' म्हणजे अनेक धान्यं, सालीसकट असतीलच असं नाही. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पण साखर, ग्लुकोज सिरप, डेक्स्ट्रोज, रसाचा अर्क अशी विभागली की एकेक नाव खाली सरकतं. मुलांना ती नावं एका रंगाने खुणवायला लावा. प्रत्येक दाव्यावर तीन वाक्यं: लेबल काय म्हणतं, आकडे काय म्हणतात, वाचणाऱ्याला काय वाटावं अशी इच्छा आहे. तिसरं वाक्य सगळ्यांना जड जातं, तिथे वेळ द्या.

लेखनात 'चांगलं अन्न', 'वाईट अन्न', 'जंक' या शब्दांना सहा आठवडे बंदी. त्याऐवजी काय आहे, किती आहे, किती वेळा खावं असं लिहायचं. बंदीचं कारण सोपं आहे. 'वाईट' म्हटलेला पदार्थ कुणाच्या तरी डब्यात असतो. घरी जाऊन आईला सुधारा असा सूरही नको, तपासनीस झालेलं मूल घरात कुणालाच नको असतं.

आणि विषयशिक्षकांनी आधी आपापसात शब्द ठरवून घ्या. विज्ञानात किलोज्यूल, खेळाच्या तासाला 'कॅलरी', लेबलवर किलोकॅलरी. मुलांना ती तीन वेगळी राशी वाटतात. १ किलोकॅलरी = ४.१८४ किलोज्यूल, आणि बोलताना आपण 'कॅलरी' म्हणतो ती किलोकॅलरीच असते, एवढं एका पानावर लिहून सगळ्यांच्या वहीत चिकटवा.

---

पडद्यामागे

खाद्यदिवसाबद्दल. घरून शिजवून आणलेलं अन्न वाटणं मी तरी टाळीन. त्याला घटकांची यादी नसते, आणि विचारलं तरी 'थोडंसं लोणी' ही माहिती ॲलर्जीवाल्याला पुरत नाही. आहाराचे नियम फक्त मांसापुरते नसतात: मिठाईतलं जिलेटिन, चीजमधलं रेनेट (दूध साकळवायला वासराच्या जठरातून काढलेलं विकर), अर्कातलं मद्य, आणि बऱ्याच घरांत भांडंसुद्धा. शिजलेलं अन्न खोलीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये. सकाळी आठला आणलेलं दुपारी बाराला वाटतात, ते त्यात बसत नाही.

खाणं हवंच असेल तर शाळेतच, एकाच घटकाचं, यादी आधी जाहीर करून: धुतलेली, सोललेली तीन फळं, वेगळ्या सुऱ्या आणि पाट. पालकांना दोन आठवडे आधी पत्र, सोप्या भाषेत आणि शक्य तितक्या घरच्या भाषांत. न खाणाऱ्या मुलाला त्याच तासाचं तेवढंच महत्त्वाचं काम असावं, जसं पंचांचं किंवा नोंदीचं. बाहेर बसवणं नाही, कारण विचारणं नाही.

तारखा दरवर्षी नव्याने पाहा. चांद्र वर्षाने चालणारा रमजान दर वर्षी १०-११ दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षी अडचण न आलेला आठवडा यंदा उपवासात सापडू शकतो. इतर समाजांच्या उपवासांची यादीही कार्यालयात लावून ठेवा. 'कोण उपवास करतंय, हात वर करा' असं विचारू नका. न करणारा त्याच समाजातला मुलगा अडचणीत येतो.

---

चारदिशा

थोडी असहमती. अन्न हे नाक आणि हात वगळून फक्त कागदावर शिकवलं तर मुलांना ते लेबलाएवढंच उरतं. झाकणाला भोकं पाडलेल्या बरण्यांत सुके, अख्खे मसाले ठेवून वास ओळखायला लावा. खायचं काही नाही, आणि प्रत्येक समाजाचं मूल कुठे ना कुठे 'हा मला येतो' म्हणतं.

---

पडद्यामागे

@चारदिशा, बरण्या चालतील. मोहरी आणि तीळ वगळा, दोन्ही ॲलर्जीच्या यादीत आहेत. आणि पूड नको, अख्खेच; पूड उडून दम्याच्या मुलाला त्रास होतो.

---

तासिका_सात

सगळ्यांचे आभार. क्रम असा धरते: पहिला आठवडा गणित (तीन तास), दुसरा कामावरून तक्ता आणि संज्ञा, तिसरा-चौथा विज्ञान, पाचवा मका आणि नकाशा, सहावा दावे. गुण कसे द्यायचे? 'पोषण' म्हणून वेगळे गुण देता येत नाहीत.

---

आकडेमोड

देऊच नका. प्रत्येक विषयाने आपल्याच निकषावर तपासावं: गणिताने ताळा आणि टक्केवारी, विज्ञानाने नोंद आणि चुकीचं कारण, इतिहासाने पुरावा वापरून मत बदलणं, भाषेने तीन वाक्यं. पोषणाच्या समजेसाठी सुरुवातीला आणि शेवटी तोच एक बिनगुणांचा प्रश्न द्या, चार काल्पनिक नोंदींपैकी एकीवर: 'या मुलाने सध्याचं काहीही न सोडता कुठली एक भर घालावी, आणि का?' 'का' मध्ये घटकाचं नाव आणि प्रमाण आलं तर पोचलं. 'का' मध्ये नुसतं 'पौष्टिक असतं म्हणून' आलं तर नाही पोचलं.

क्रमात एकच बदल: गणिताचा तिसरा तास (सोडियम) सहाव्या आठवड्यात दाव्यांच्या शेजारी ठेवा. पहिल्याच आठवड्यात तीन तास लेबलं वाचून मुलं कंटाळतात.